हजेरी गणपतची, डोळे सुमनबाईंचे

परत येऊन महिना होत आला, तरी कुणी ‘मग, कसा झाला तुझा भंडारा?’ असं विचारलं की सुरुवात कुठून करावी तेच मला कळत नाही. मासे फार छान होते, हे खरं. थंडी कडाक्याची होती, तेही खरं. पण त्या थोड्याशा दिवसांत मला जेवढे धक्के बसले, तेवढे कायद्याची जाडजूड पुस्तकं वाचताना आजवर बसलेले नाहीत, आणि ते सांगायला घेतलं की ऐकणारा म्हणतो, ‘काहीतरीच काय!’ म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

मी मूळची सांगलीची, सध्या पुण्यात कायदा शिकते. ‘डिजिटल नीतिमत्ता आणि एआयचा कारभार’ अशा भारदस्त विषयावर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी एक फेलोशिप मिळते. ती मला मिळाली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, पण ती कशाची ते कुणालाच कळलं नाही. शेवटी बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं, ‘कम्प्युटरने लबाडी करू नये म्हणून ही अभ्यास करणार आहे.’ आमच्या मार्गदर्शक सरांच्या दोन तासांच्या व्याख्यानापेक्षा मला हे सोपं वाटलं.

बाकीच्यांनी संशोधनाला मोठमोठी शहरं निवडली. मी निवडलं भंडारा जिल्ह्यातलं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठचं एक गाव. तिथल्या मच्छीमारांच्या सोसायटीला एका संस्थेने जाळी आणि बर्फाच्या पेट्या दिल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर चेहरा ओळखून हजेरी लावणारं एक ॲपही दिलं होतं. ते ॲप कुणाला ओळखतं, कुणाला ओळखत नाही आणि चुकलं तर त्या चुकीचं काय होतं, हे बघायला मी निघाले होते. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. तसा नियम आहे, आणि या खेपेला तो मला मनापासून पटला आहे.

वरठी

भंडाऱ्याला जायचं तर रेल्वेने उतरायचं वरठीला. स्टेशनावर पाटी ‘भंडारा रोड’ची, गाव वरठी, आणि भंडारा शहर तिथून पुढे. सकाळच्या पाळीची वेळ होती. कानाला मफलर गुंडाळलेली माणसं सायकलींवरून, मोटरसायकलींवरून कारखान्याकडे चालली होती. स्टेशनबाहेरच्या गाडीवर मी तर्री पोहे मागितले. सांगलीची मुलगी तिखटाला भीत नाही, असा माझा आपला समज होता. दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून धारा लागल्या, आणि गाडीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने न विचारता वर आणखी एक पळी तर्री ओतली.

रिक्षावाल्याने चौकशी सुरू केली. “कोणाच्या घरी जाऊन राहिल्या, ताई?”

“कुणाच्या नाही. संशोधनाला आलेय. चेहरा ओळखणारं यंत्र असतं ना, त्याच्या.”

“त्याचं कायले संशोधन?” तो मागे वळून म्हणाला. “मी नागपूरले गोदामात होतो, तिथं होतं ना ते. मायं तोंड वळखेच ना. मिशी काढली तवा आत घेतलं. अना मिशी काहून काढली म्हणून बायको आठ दिवस बोलली नाही. लिहा हे.”

मी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. पहिल्याच तासात एवढा माल हाती लागला म्हणून मी खूश होते. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला काय कल्पना!

पाण्याकाठचं गाव

पवनीहून पुढे एसटीने गाव गाठलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेल्यावर सरकारने वसवलेलं हे नवं गाव. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, घरांचे प्लॉट एकसारखे. पण माणसं पत्ता सांगताना अजून जुन्याच गावाचा सांगतात. सोसायटीच्या सचिवांनी, भोजराजभाऊंनी, माझी सोय जिच्या घरी केली होती तिचं घर मी विचारलं, तर एक म्हातारबा म्हणाले, “कौसल्या ना? वडाजवळची.” वड कुठे आहे म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागले. वड कधीचाच पाण्याखाली गेला होता.

कौसल्याबाई पन्नाशीच्या पुढच्या, ठसठशीत कुंकवाच्या आणि घडाघडा बोलणाऱ्या. त्यांनी माझी बॅग हिसकावूनच घेतली. हातपाय धुवायला गरम पाणी दिलं आणि समोर बसून माझ्या घरच्यांची सगळी माहिती काढली. मग माझी पाळी आली. संशोधनाचा संमतीचा कागद भरायचा म्हणून मी विचारलं, “तुमच्या यजमानांचं नाव काय?”

घडाघडा बोलणाऱ्या त्या बाईंनी पदर नीट केला, छताकडे बघितलं आणि मग परसातल्या कुडावरून शेजारी हाक मारली, “सुमन! या पोरीले आमच्या घरच्याचं नाव सांग वं!”

कुडापलीकडून आवाज आला, “गणपत!”

थोड्या वेळाने आवाजाची मालकीणही आली. सुमनबाई कौसल्याबाईंच्याच वयाच्या, हडकुळ्या आणि कपाळ मोकळं. मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्यांनी कौसल्याबाईंकडे नुसतं बघितलं.

“श्रावण,” कौसल्याबाई म्हणाल्या. “गेला तो मागच्या साली. काविळीनं.”

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी ऐकून होते, पण त्या गोष्टीतल्या. आमच्या घरी आई बाबांना सरळ ‘सुधीर’ म्हणून हाक मारते, आणि चिडली की ‘सुध्या’ म्हणून. मी हे सांगितलं तेव्हा दोघींनी एकाच वेळी तोंडाला पदर लावला.

“अना तुया बाप काही म्हणत नाही?” सुमनबाईंनी विचारलं.

“ते ‘ओ’ देतात.”

दोघी इतक्या हसल्या की बाहेर जाळं दुरुस्त करत बसलेले गणपतराव काय झालं म्हणून आत डोकावून गेले. गणपतराव उंचेपुरे, खुशालचेंडू गृहस्थ. रात्रीच्या जेवणाला मरळ माशाचा रस्सा होता आणि सुगंधी तांदळाचा भात. आमच्याकडे जेवणात भाकरी मुख्य, भात शेवटाला. इथे पहिल्यापासून भातच, आणि ‘पुरे’ म्हणाल तर यजमानीण रागावते. मी तीनदा ‘पुरे’ म्हणाले आणि तीनदा भात आला.

काठावरची हजेरी

पहाटे धुक्यात पाणी कुठे सुरू होतं तेच दिसत नव्हतं. ते मला माझ्या चपलेने सांगितलं. पाय गाळात गेला, मी एका हाताने बांधलेल्या डोंग्याला धरायला गेले, तर तो लाकडी डोंगा कलंडला आणि मी गुडघाभर चिखलात बसले. चप्पल आत राहिली ती राहिलीच. काठावरच्या बायकांना सकाळी सकाळी करमणूक झाली.

पण काठावर बायकाच कशा, हा प्रश्न मला चिखल पुसतापुसता पडला. संध्याकाळी लावलेली जाळी उचलायला पुरुष अंधारातच पाण्यात गेले होते. इकडे भोजराजभाऊ सोसायटीचा फोन घेऊन उभे आणि त्यांच्यापुढे बायकांची रांग. एकेक बाई पुढे यायची. फोन शुद्ध मराठीत म्हणायचा, ‘कृपया डोळे मिचकावा.’ बाई डोळे मिचकवायची. फोन म्हणायचा, ‘रामदास, तुमची हजेरी झाली.’ मागची बाई पुढे. ‘सदाशिव, तुमची हजेरी झाली.’

मी हातातला ओला रुमाल तसाच धरून उभी राहिले. समोर नथ घातलेली बाई आणि फोन तिला सदाशिव म्हणतोय! आणि कुणाला त्याचं काही नाही. भोजराजभाऊ जांभई देत होते.

तेवढ्यात सुमनबाई पुढे आल्या. मोकळ्या कपाळाखालचे डोळे त्यांनी दोनदा मिचकावले.

‘गणपत, तुमची हजेरी झाली.’

“भोजराजभाऊ!” मी जवळजवळ ओरडलेच. “या सुमनबाई आहेत! गणपतराव यांचे शेजारी!”

“मले मालूम आहे ना,” भोजराजभाऊ शांतपणे म्हणाले. “पण फोनले नाही मालूम.”

मग सगळं ऐकायला मिळालं. ॲप आलं त्या दिवशी चेहरे भरून घ्यायला संस्थेचा ऑपरेटर आला, तेव्हा पुरुष पाण्यात होते. ऑपरेटरला संध्याकाळच्या आत काम उरकून जायचं होतं. तो म्हणाला, घरातलं कुणीही चालेल. इथे तशीच रीत आहे. घरधनी पाण्यात असला की त्याच्या जागी बायको उभी राहते, मग ते रेशन असो की ग्रामसभा. बायका ओळीने बसल्या. पण ऑपरेटर विचारणार, ‘नाव?’ आणि बायको नवऱ्याचं नाव सांगणार कशी? कुणाच्या सासूने सांगितलं, कुणाच्या लेकीने. शेवटी राहिल्या कौसल्याबाई आणि सुमनबाई. नाव सांगायला तिसरं कुणी उरलं नव्हतं.

“मंग मी हिच्या घरच्याचं सांगतलं, इनं माह्या,” कौसल्याबाई म्हणाल्या. “त्या बुवानं जी बोलली तिचाच फोटो काढला!”

म्हणजे कौसल्याबाईंचा चेहरा श्रावणच्या नावावर गेला आणि सुमनबाईंचा गणपतच्या. दुसऱ्या दिवशीच सगळ्यांच्या लक्षात आलं. पण पहाटे पुरुष पाण्यात असणार आणि फोन काठावर, तेव्हा बायकांचेच चेहरे सोयीचे होते. या दोघी तर सगळीकडे जोडीनेच जायच्या. फोनने कुणाला कुणाच्या नावाने का म्हणेना, हिस्से बरोबर पडत होते. पाण्यातून येईल ती मासळी एका ताडपत्रीवर ओतायची आणि जेवढ्या हजेऱ्या तेवढे सारखे हिस्से करायचे. कुणी कशाला तक्रार करतंय?

मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता. कारण पुढचं माझं मलाच सुचलं आणि मी विचारलं, “पण श्रावणराव गेल्यावर?”

“त्याचं नाव काढलं फोनातून,” भोजराजभाऊ म्हणाले.

श्रावणचं नाव काढलं त्याबरोबर कौसल्याबाईंचा चेहरा गेला. सुमनबाईंचा राहिला. आता गणपतराव रोज पाण्यात उतरतात, पण त्यांची हजेरी लागायची तर काठावर सुमनबाईच यायला हव्यात. त्या आल्या नाहीत तर गणपतरावांच्या घरी मासळी नाही. म्हणून गणपतरावांच्या हिश्शातला अर्धा रोज सुमनबाईंच्या टोपलीत पडतो. नाहीतर सोसायटीची जुनी रीत अशी, की ज्या घरचा पुरुष पाण्यात नाही त्या घराला हिस्सा नाही. सुमनबाईंना मूलबाळ नाही. त्या जगत होत्या त्या एका चुकीवर.

हे मी ऐकत होते तेवढ्यात मासळी आली. वाटे पडले. कौसल्याबाईंनी आपल्या टोपलीतली अर्धी मासळी सुमनबाईंच्या टोपलीत सरकवली आणि दोघी गप्पा मारत घराकडे निघाल्या. मी एका पायात चप्पल घालून त्यांच्या मागे.

पाळीवर

गावात फोनला रेंज नाही. ती हवी तर गावामागच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढावं लागतं. संध्याकाळी मी चढले आणि सरांना सगळं सांगितलं. ते आनंदाने ओरडायचेच बाकी होते.

“अगं, हे सोनं आहे! नावं पुरुषांची, चेहरे बायकांचे, त्यातही अदलाबदल! आजच ॲपवाल्यांना कळव. आपला करारच आहे तसा, चूक दिसली की लगेच सांगायची.”

“पण सर, त्या बाईंचं काय?”

“कोणत्या बाईंचं?”

मी ‘सर, आवाज तुटतोय’ म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज खणखणीत येत होता.

वळून बघते तो सुमनबाई. सरपणाची मोळी खाली ठेवून त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे.

“तुमी ते लिहून धाडता का?”

“लिहावं लागतं, सुमनबाई. माझं कामच ते.”

“मंग ते लोक सुधरवतीन.”

“हो.”

“अना मंग माह्या तोंडाले कोण इचारते?”

मी म्हणाले, कौसल्याबाई तुमच्या मैत्रीण आहेत, चूक दुरुस्त झाली तरी त्या अर्धा हिस्सा देतीलच की.

“कौसल्या देईन. पण हिस्सा कौसल्याचा कुठं आहे? तिच्या घरच्याचा आहे. तो आज देऊन राहिला, कारण मी नाही गेली तं त्याची हजेरी पडत नाही.” त्या खाली बसल्या आणि मोळीची दोरी आवळायला लागल्या. “दीर आहे मले. त्याच्या घरी मले ठेवतीन ते. भांडे घासाले ठेवतीन. मी नाही जात तिथं. तुमी दोन दिवसानं जासान आपल्या गावाले. मले इथंच राहाचं आहे.”

यंत्राच्या चुकीने माणसाचं नुकसान कसं होतं, यावर मी शंभर पानं वाचली होती. त्या चुकीला धरून कुणी उभं असेल आणि ती दुरुस्त केली तर माणूस पडेल, हे त्या शंभर पानांत कुठेच नव्हतं. मला राग आला, सरांचा, ॲपचा, त्या जुन्या रीतीचा आणि माझ्या फेलोशिपचाही. मी सुमनबाईंना म्हणाले, “मी आज तरी पाठवत नाही.” एवढं एकच वाक्य मला खरेपणाने बोलता आलं.

त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि मोळी डोक्यावर घेऊन उतरून गेल्या.

समाजमंदिर

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरापुढे एक मोटरसायकल येऊन थांबली. तीच संस्था आणि तोच ऑपरेटर. ॲपची नवी आवृत्ती आली होती, आणि आता ओळखपत्रावरचं नाव आणि चेहरा जुळल्याशिवाय फोन कुणालाच ओळखणार नव्हता. सगळे चेहरे नव्याने भरायचे. पुरुषांनी स्वतः यायचं.

मी पाठवलेलं नव्हतं. एक अक्षरही नाही. पण सुमनबाई माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, “कालच म्हणलं होतं ना, नाही धाडत?”

“शप्पथ, सुमनबाई, मी नाही कळवलं. यांचं आधीच ठरलेलं होतं.”

त्यांनी मान हलवली. भाजीवालीने ‘ताजीच आहे’ म्हटल्यावर आपण हलवतो, तशी. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथून उठून जाणार होते.

समाजमंदिरात पांढरा पडदा लावला, पुढे प्लास्टिकची खुर्ची ठेवली. पुरुष केस विंचरून, धुतलेले शर्ट घालून आले. बायका मागे भिंतीला टेकून बसल्या. हसणंखिदळणं चाललं होतं. सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष दारात बाजेवर बसून तंबाखू मळत होते. गणपतराव तर लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होते. खिशातला कंगवा काढून त्यांनी केसांवरून फिरवला आणि सुमनबाईंना अगदी अदबीने म्हणाले, “वहिनी, उद्यापासून तुमचा तरास वाचला. झोपा आता आरामानं.”

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही सांगेन. आणि म्हणूनच ते जास्त लागलं. सुमनबाईंचा हिस्सा त्यांनी इतक्या गोड शब्दांत संपवून टाकला होता.

कौसल्याबाईंनी ते ऐकलं होतं.

ऑपरेटरने हाक दिली. गणपतराव खुर्चीवर जाऊन ताठ बसले. फोन समोर आला.

“गणपत, ऊठ.”

मला आधी कळलंच नाही की कोण बोललं. मग दिसलं की सगळ्या बायका एकीकडेच बघतायत. एका म्हातारीने दोन्ही कानांवर हात ठेवले. बाहेर पोरं खेळत होती, त्यांचा आवाज तेवढा येत होता. कौसल्याबाई भिंतीपाशी उभ्या होत्या, पदर खांद्यावर घसरलेला. ज्या घरात बापाचं नाव दिवसातून दहादा ओरडलं जातं त्या घरात मी वाढले, पण त्या क्षणी माझाही हात कानाकडे गेला. बाहेरगावच्या ऑपरेटरला काहीच कळलं नव्हतं. तो म्हणाला, “काका, हलू नका.”

गणपतराव हलले नव्हतेच. कुणी थोबाडीत दिल्यासारखे ते बघत होते.

“ऊठ म्हणतो ना,” कौसल्याबाईंचा आवाज चिरकला. “तुया फोटो नाही काढाचा. तुया निघाला का सुमनचा हिस्सा बंद. देशीन तू उद्या? परवा देशीन? मले मालूम आहे तू किती दिवस देशीन ते!”

“कौसल्ये, बस खाली,” कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

“कायले बसू? आजवर हिस्से कोणाच्या तोंडानं भेटले? पाण्यात कोण गेलं ते फोनले दिसत होतं का? थंडीत काठावर कोण उभं राहिलं? आमीच ना? आमचे तोंड चालत होते तवर चालले, आता आमी घरी? बाकीच्यायचे नवरे आहेत, त्यायले फरक नाही पडत. हिले कोण आहे?”

गणपतराव उठले. कंगवा खिशात घातला, तो दोनदा बाहेरच राहिला, तिसऱ्यांदा गेला. ते कुणाकडेही न बघता बाहेर पडले आणि रस्त्याला लागले. कौसल्याबाई दाराकडे एक पाऊल टाकून थांबल्या.

मग नुसता गलका झाला. सुमनबाईंचे दीर पुढे आले आणि म्हणाले, सोसायटीत श्रावणची जागा रिकामी आहे, ती घरच्या माणसाला, म्हणजे त्यांच्या पोराला मिळाली पाहिजे. बाई कधी सोसायटीत असते का? कुणी म्हणालं, असते, कायद्याने बंदी नाही. हे सांगणारी मीच होते. फेलोशिपने संशोधकाला गप्प बसून बघायला सांगितलेलं आहे, हे मला पार उशिरा आठवलं.

सगळ्यांचं ओरडून झाल्यावर अध्यक्षांनी तंबाखू तोंडात टाकली.

“जागा रिकामी आहे. श्रावणच्या घरची आहे. श्रावणच्या घरी कोण राहते?” त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या माना सुमनबाईंकडे वळल्या. “मंग तिचं नाव टाक गा, भोजराज. पाण्यात उतराचं का नाही ते तिचं तिनं पाहाचं. सालच्या मीटिंगमंधी ठराव घेऊ. मोडला तं मोडला. सध्या टाक.”

सुमनबाईंना दोन बायकांनी धरून खुर्चीवर नेऊन बसवलं. ऑपरेटर फोन धरून म्हणाला, “पूर्ण नाव?”

“सुमन,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

“पूर्ण सांगा ना, बाई.”

सुमनबाई वळून कौसल्याबाईंना शोधायला लागल्या.

“सुमन श्रावण,” दारातून कौसल्याबाई म्हणाल्या.

“ओ मावशी, तुमी नका बोलू!” ऑपरेटर घाईने फोन छातीशी धरत म्हणाला. “मागच्या बारीले याच्यातच घोळ झाला होता.”

सगळं समाजमंदिर हसलं. त्या हसण्याने खोलीतला ताण जरा सैल झाला. पण कौसल्याबाई हसल्या नाहीत. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

निघायची सकाळ

गणपतराव संध्याकाळी घरी आले नाहीत. अड्याळला बहिणीकडे गेल्याचा निरोप कुणीतरी आणून दिला. कौसल्याबाईंनी मला आग्रहाने वाढलं आणि स्वतः भात चिवडत बसल्या. मी पाळीवर जाऊन सरांना कळवलं की चूक माझ्या आधीच दुरुस्त झाली. त्यांचं उत्तर आलं, ‘अरेरे! जुन्या हजेरीचा एखादा फोटो तरी घेतलास ना?’

मला दुपारची एसटी धरायची होती. पहाटे मी शेवटची काठावर गेले, या खेपेला अनवाणी. रांगेत बायका नव्हत्या. पुरुष पाण्यात जायच्या आधी अंधारातच फोनला तोंड दाखवून गेले होते, आणि एकेकाला चार चार वेळा डोळे मिचकवायला लागल्याने त्यांची चिडचिड झाली होती म्हणे. बायकांमध्ये फक्त सुमनबाई आणि, सवयीने रिकामी टोपली घेऊन आलेल्या, कौसल्याबाई.

फोन म्हणाला, ‘सुमन, तुमची हजेरी झाली.’ सुमनबाईंनी वळून मागे बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाला बोलावलंय.

मासळी आली, हिस्से पडले. भोजराजभाऊंनी सुमनबाईंच्या टोपलीत त्यांचा हिस्सा टाकला. गणपतरावांचा चेहरा फोनमध्ये नव्हता आणि गणपतराव पाण्यातही नव्हते. त्यांच्या घरचा हिस्सा नव्हता. कौसल्याबाई टोपली काखेत मारून परत फिरल्या.

“थांब वं,” सुमनबाई म्हणाल्या. त्यांनी हाताने मापून अर्धी मासळी कौसल्याबाईंच्या टोपलीत ओतली. “भर गावात नवऱ्याचं नाव घेतलं तू. आता माह्याशिवाय जेवाले कोण घालंल तुले?”

कौसल्याबाई हसल्या. हसता हसता खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. मला वाटलं, गणपतराव रुसून गेले म्हणून. मी म्हणाले, येतील हो ते, दोन दिवसांत राग उतरेल.

“राग उतरंल वं पोरी. रागाचं नाही.” त्यांनी पदर बाजूला करून माझा हात धरला. “आमची माय सांगे, बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते. मी दोन खेपा घेतलं काल. एकदा त्याच्या तोंडावर अना एकदा घरी, एकटी होतो तवा. तू शिकली हायेस. तुयी माय रोज घेते ना? खरं नसते ना वं ते?”

फेलोशिपच्या मुलाखतीत मला कितीतरी अवघड प्रश्न विचारले होते आणि सगळ्यांची उत्तरं मी फाडफाड दिली होती. इथे ‘नसतं हो’ एवढंच म्हणायचं होतं, तर तेही माझ्या तोंडून धड निघेना. मला माझे बाबा आठवले आणि उगीचच भीती वाटली.

सुमनबाई खाली वाकल्या. टोपलीच्या कडेवरून निसटलेला एक मासा त्यांनी आत टाकला.

“मी तं एकदाही नव्हतं घेतलं, कौसल्या,” त्या म्हणाल्या, आणि टोपली कौसल्याबाईंच्या डोक्यावर चढवायला त्यांनी हात लावला.